साक्ष नको, वाचा

मराठीत एखाद्या मुसलमान मुलीनं किंवा मुलानं स्वतःच्या श्रद्धेबद्दल काही लिहिलं, म्हणजे रोजा, नमाज, हिजाब, लग्न, आईवडिलांशी झालेले वाद, देवावरचा विश्वास डळमळणं किंवा उलट तो नव्यानं सापडणं, यातलं काहीही, की त्यावर जी चर्चा होते ती ऐकून मला आता खरंच संताप यायला लागलाय. एक गट लगेच म्हणतो, बघा, त्यांच्यातलीच सांगतेय. दुसरा गट म्हणतो, घरातलं चार लोकांत आणायची गरज काय होती. आणि तिसरा, जो स्वतःला सगळ्यात समंजस समजतो, तो म्हणतो की हे छान आहे पण तलाकबद्दल, दहशतवादाबद्दल, समान नागरी कायद्याबद्दल तुमचं म्हणणं काय ते आधी सांगा. तिघंही तावातावानं बोलतात, आणि लेखात काय लिहिलंय यावर तिघांपैकी एकही बोलत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. एका माणसानं स्वतःबद्दल लिहिलेलं हे त्या माणसाबद्दल असतं, ती सगळ्या कौमची साक्ष नसते, आणि तसं वाचणं आता थांबलं पाहिजे. लिहिणाऱ्याला त्रास होतो एवढ्यासाठीच हे म्हणत नाहीये, तो तर होतोच. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलेला माणूस हळूहळू खोटं बोलायला लागतो म्हणून म्हणतेय, कारण दोन्ही बाजूचे वकील काय विचारणार हे त्याला आधीच माहीत असतं आणि तो उत्तरं तयार करून येतो. मराठीतलं बरंच मुस्लीम आत्मपर लिखाण आज असं तयार उत्तरांचं झालंय, आणि त्याचा दोष लिहिणाऱ्यांपेक्षा वाचणाऱ्यांकडे जास्त जातो.

एक उदाहरण देते. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं मध्यंतरी हॉस्टेलवरच्या रमजानबद्दल लेख लिहिला. त्यात ती सांगते की पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, धर्मानंच तशी सूट दिलीय, सुटलेले रोजे नंतर कजा म्हणून पुरे करायचे. पण घरी त्या दिवसांतही अब्बा आणि भाऊ यांच्यासमोर कुणी बाई घोटभर पाणीसुद्धा पीत नाही, स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटून ओट्यापाशी उभ्या उभ्या दोन घास खायचे आणि तोंड पुसून बाहेर यायचं, सहेरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणालाही, सगळ्यांबरोबर डोळे चोळत उठून बसायचं म्हणजे कुणाला प्रश्न पडत नाही. हॉस्टेलवर तिनं पहिल्यांदा रमजानच्या भर दुपारी मेसमध्ये ताट घेऊन सगळ्यांसमोर वरण-भात खाल्ला, समोरच्या मैत्रिणीनं "आज रोजा नाही का गं?" विचारलं, आणि ती "नाही, पाळी आलीय" एवढंच बोलून जेवत राहिली. मग काही दिवसांनी परत रोजा धरला तेव्हा संध्याकाळी व्हरांड्यात पाण्याच्या कूलरपाशी ती एकटीच हातात खजूर घेऊन मोबाईलवरच्या अजानची वाट बघत होती, घरच्यासारखी दस्तरखानाभोवतीची गडबड नव्हती, फळं कापणारं कुणी नव्हतं, आणि तिला वाटलं की हा रोजा पहिल्यांदाच पूर्ण माझा आहे.

आता यावर लोक काय म्हणाले? पहिल्या गटानं दार लोटून खाण्याचा भाग तेवढा उचलला आणि मुस्लीम मुलींवर किती दडपण असतं याचा पुरावा म्हणून फिरवला. दुसऱ्यांना त्यात पाळीचा उल्लेख आणि भावांची बदनामी तेवढी दिसली. तिसऱ्यांनी विचारलं की बुरख्याबद्दल यात एकही शब्द का नाही. कूलरपाशी उभी असलेली ती मुलगी कुणालाच दिसली नाही, आणि अख्खा लेख तर तिथे पोचण्यासाठी लिहिला होता! नजरेखालून सुटल्यावर तिची श्रद्धा संपली नाही, वाढली, हे तिला सांगायचं होतं. घरातल्या पुरुषांचा संकोच आणि देवाची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला ज्या वयात कळलं त्या वयात आपल्याकडे कितीजणांना कळतं? पण हे वाक्य कुठल्याच बाजूच्या कामाचं नाही, त्यामुळे ते कुणी वाचलंच नाही.

आता विरोधातले मुद्दे घेते, कारण ते पोकळ नाहीत. सगळ्यात वजनदार मुद्दा गप्प राहा म्हणणाऱ्यांचा आहे. ते म्हणतात की तुम्ही प्रामाणिकपणे लिहाल हो, पण त्याचं हत्यार होणार, आणि ते आमच्यावरच चालणार. हे खरं आहे. भाड्यानं घर बघायला गेलेल्या माणसाला आडनाव सांगितल्यावर जो नकार मिळतो तो काही लेख वाचून दिलेला नसतो, पण असे लेख त्या नकाराला एक कारण मात्र पुरवतात. मुसलमानांची परिस्थिती तपासणाऱ्या सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात हे नोंदलेलं आहे की मुसलमानांवर दुहेरी ओझं आहे, एकाच वेळी देशद्रोही असल्याचा शिक्का आणि फार लाड झाल्याचा शिक्का. असं ओझं असलेल्या समाजातला बाप मुलीला म्हणाला की बाई, आपलं आपल्यात राहू दे, तर त्याला मागासलेला म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. त्याची भीती अनुभवातून आलीय.

पण त्या बापाला मी एवढंच विचारीन की गप्प बसल्यानं जागा रिकामी राहते का? आपण नाही लिहिलं म्हणून आपल्याबद्दल लिहिलं जाणं थांबलंय का कधी? ज्यांना हत्यार हवंय त्यांच्याकडे ते आधीपासून आहे, फॉरवर्ड होत होत रोज नवीन येतंय, आणि त्यातला मुसलमान कधी हॉस्टेलच्या व्हरांड्यात उभा नसतो, त्याला नाव नसतं, बहीण नसते, परीक्षा नसते, पगार नसतो. अशा बिनचेहऱ्याच्या चित्राला तोड फक्त बारकाव्याची असते. "मुस्लीम स्त्रियांची अवस्था वाईट आहे" हे वाक्य कुणीही कुठेही वापरू शकतो. ओट्यापाशी उभं राहून खाणारी आणि नंतर आनंदानं रोजा सोडणारी एकच मुलगी वापरायला अवघड असते, तिला वापरायचं तर अर्धी कापावी लागते. कापतात, हे वर सांगितलंच. पण कापलेला अर्धा भाग कुठून आला हे शोधायला पूर्ण लेख कुठेतरी असावा लागतो, तो लिहिलाच नाही तर कापणाऱ्याला जाब कशाच्या आधारावर विचारणार? शिवाय गप्प राहण्याची किंमत बाप देत नाही. ती घरातली मुलगी देते, जिला वाटत राहतं की असं फक्त माझ्याच मनात येतं.

एका माणसाच्या आयुष्याचा झेंडा केला की काय होतं याचं उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासातच आहे. इंदूरच्या शाहबानो. हायकोर्टानं त्यांना मंजूर केलेली पोटगी होती महिना १७९ रुपये २० पैसे. एका म्हाताऱ्या बाईचा तिच्या वकील नवऱ्याकडे मागितलेला पोटापाण्याचा खर्च, एवढाच तो मामला. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिच्या बाजूनं निकाल दिला आणि मग ती बाई कुणाचीच राहिली नाही, एका बाजूला ती शरीयतवरचा हल्ला झाली, दुसऱ्या बाजूला अख्ख्या धर्मावरचं आरोपपत्र, मोर्चे निघाले, १९८६ मध्ये संसदेनं तलाक झालेल्या मुस्लीम बायकांसाठी वेगळा कायदाच केला, आणि अखेरीस त्या बाईनं स्वतःच्या बाजूचा निकाल नाकारल्याचं जाहीर झालं. या सगळ्यात तिच्या रात्री कशा गेल्या असतील, नमाजेला बसल्यावर ती काय मागत असेल, मुलांशी काय बोलत असेल, ते देशाला माहीत नाही, कारण ते कुणाला नकोच होतं. तिचा निकाल सगळ्यांना हवा होता. या प्रकरणावर आपल्याकडे अजूनही बोललं जातं, पण तिच्या स्वतःच्या शब्दांत लिहिलेली चार पानं नाहीत याची खंत कुणी व्यक्त केलेली मी ऐकली नाही.

दुसरा मुद्दा सुधारणावाद्यांचा, आणि तो मला जास्त जवळचा आहे. ते म्हणतात, आठवणी आणि भावना लिहून काय होणार, बदल कायद्यानं होतो, संघटनेनं होतो, रस्त्यावर उतरून होतो. दाखला हमीद दलवाईंचा. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी मुंबईत सात मुस्लीम बायकांचा मोर्चा काढला, फक्त सात, आणि तोंडी तलाक, बहुपत्नीत्व यांच्याविरुद्ध मागणी केली. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. एका झटक्यातला तलाक सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये अवैध ठरवला आणि २०१९ मध्ये त्यावर कायदा आला, म्हणजे मोर्चानंतर अर्धं शतक उलटून गेल्यावर. हे काम आत्मपर लेखांनी झालं नसतं हे मला पूर्ण मान्य आहे. त्या सात बायकांचं ऋण कुठल्याही लेखकापेक्षा मोठं आहे.

पण दलवाईंचं नाव घेणाऱ्यांनी दलवाई पूर्ण घ्यावेत. हा माणूस आधी कथाकार होता. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा, कोकणातल्या मुसलमान वस्तीतली माणसं आतून माहीत असलेला, त्यांचे हेवेदावे, त्यांची माया, त्यांची भीती कथांमधून मांडणारा. ज्याला आधी माणसं दिसली त्याला मग प्रश्न दिसला, असा तो क्रम आहे. आज त्यांच्या कथा वाचलेले लोक किती भेटतात, आणि मुसलमानांना सुनावण्यासाठी त्यांचं एखादं वाक्य तोंडावर फेकणारे किती? त्यातही हिंदू जातीयवादावर त्यांनी तितक्याच कडकपणे लिहिलं तो भाग गाळून. दलवाईंच्या मंडळातल्या सय्यदभाईंचं बघा, त्यांना पुढे २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्यांच्या कामाची सुरुवात कुठल्या ठरावातून झाली नव्हती, सख्ख्या बहिणीला तलाक मिळाला तिथून झाली होती, घरात बसलेली बहीण बघून. जे सार्वजनिक होतं ते आधी कुणाच्या तरी घरात घडलेलं असतं, आणि घरात काय घडलं ते सांगायची सवय नसलेल्या समाजात चळवळीला माणसं कुठून मिळणार?

आणि सुधारणावाद्यांशी माझं खरं भांडण पुढेच आहे. त्यांच्या मनात आधुनिक होण्याचा एकच रस्ता असतो, तो धर्मापासून लांब जाणारा. त्यामुळे ज्यानं सोडलं त्याचं लिखाण धाडसी, आणि जो आत राहून लिहितो तो घाबरट किंवा अर्धवट. दिवसभर कंपनीत कोडिंग करून दुपारी स्टोअररूममध्ये प्रिंटरच्या कागदांच्या खोक्यांमागे जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, अंथरणारा मुलगा, ज्याला मशिदीतल्या बयानातलं, प्रवचनातलं, निम्मं पटत नाही पण सजद्यात डोकं टेकवल्याशिवाय दिवस पुरा झाल्यासारखा वाटत नाही, त्याच्या लिखाणाला हे लोक काय म्हणणार? त्याची शंका खरी आहे आणि सजदाही खरा आहे. ही काही आजची भानगड नाहीये. अकराव्या शतकातला गझाली हा बगदादच्या निझामिया मदरशाचा मुख्य अध्यापक, त्या काळातल्या सगळ्यात मानाच्या जागांपैकी एकावर बसलेला. त्यानं आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत स्वतःबद्दल लिहून ठेवलंय की तरुणपणी शंका इतकी वाढली की डोळ्यांना दिसतं त्यावरही विश्वास उरला नाही. आणि पुढे १०९५ मध्ये तर वर्गात बोलायला जावं तर जीभ हलेना, घास गिळवेना, वैद्यांनी हात टेकले, आणि मानमरातब सगळा सोडून तो निघून गेला. हे लिहिणाऱ्याला इस्लामी परंपरेनं धर्माबाहेर काढलं नाही, त्याला हुज्जत-उल-इस्लाम, इस्लामचं प्रमाण, ही पदवी दिली. मग नऊशे वर्षांनंतर एका पोरानं लिहिलं की मला शंका आहे, तर मोहल्ल्यातल्या लोकांनी एवढं बिथरायचं काय कारण, आणि बाहेरच्यांनी तो धर्म सोडणार म्हणून टाळ्या वाजवायचं काय कारण?

मराठीलाही हे नवीन नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद, 'योगसंग्राम' लिहिणारे, स्वतःला अविंध, म्हणजे मुसलमान, म्हणवून घेतात आणि त्याच दमात आपल्या हृदयात गोविंद असल्याचं सांगतात. आजच्या भाषेत ज्याला आयडेंटिटीचा पेच म्हणतात तो त्यांनी सतराव्या शतकात मराठीत मांडला, कुणाचीही परवानगी न घेता, आणि मराठी माणसानं त्यांना संत म्हणून स्वीकारलं. तेव्हा कुणी त्यांना विचारलं नाही की तुम्ही नक्की कुणाच्या वतीनं बोलताय. दुसरं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, त्या स्वतः १९०० मध्ये झाल्या, आणि 'स्मृतिचित्रे'चा प्राण त्या मधल्या काळात आहे. सोवळं-ओवळं सुटता सुटत नाही, राग आहे, विरह आहे, आणि मन कणाकणानं बदलतंय. हे पुस्तक आपण धर्मांतराच्या बाजूचा किंवा विरुद्धचा पुरावा म्हणून वाचतो का? नाही. आपण लक्ष्मीबाईंना वाचतो. महाराष्ट्रातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांनी त्यांच्याबद्दल खुलासा करावा असं कधी कुणाला वाटलं नाही. हीच वाचनाची रीत मुसलमान बाईच्या वाट्याला का येऊ नये?

यावर एक तिसरा मुद्दा येतो, तो मला बराच काळ खटकत होता. लोक म्हणतात, ताई, तुम्ही मराठीत लिहिणारे आहातच किती, मोजके, त्यामुळे तुमच्या प्रत्येक लेखाला आपोआप प्रतिनिधीचं वजन येणार. म्हणणं बरोबर आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राच्या लोकसंख्येत मुसलमान साडेअकरा टक्के आहेत, म्हणजे सव्वा कोटीच्या वर, आणि मराठी वाचकाला त्यातले किती आवाज माहीत आहेत? घरात दखनी, शाळेत उर्दू किंवा मराठी, मशिदीत अरबी आणि ऑफिसात इंग्रजी, अशा चार चुलींवर वाढलेली माणसं आहेत ही. कोकणी मुसलमानाची मराठी वेगळी, मराठवाड्यातल्याची वेगळी, आणि गावगाड्यातला मुलाणी, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी यांची दुनिया तर शहरातल्या बोहरी व्यापाऱ्यापेक्षा सगळ्या अर्थानं लांबची. या सगळ्यांच्या वतीनं एका हॉस्टेलातल्या मुलीनं बोलायचं? ते शक्यच नाही, आणि तिनं तसं म्हटलेलंही नाही. आवाज कमी आहेत याचा इलाज आवाज वाढवणं हा आहे, आहे त्या दोघाचौघांवर जास्त वजन टाकलं तर तेही गप्प होतील. १९९० मध्ये फक्रुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सोबत्यांनी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवलं ते याच ओढीतून. त्याच वर्षी पुण्यातल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते, संतसाहित्याचे मोठे अभ्यासक. मला ही दोन्ही हवी वाटतात, स्वतःचं व्यासपीठही आणि सगळ्यांच्या व्यासपीठावरची खुर्चीही. पण पठाणांसारख्या आयुष्यभर मराठीत काम केलेल्या माणसाच्या समाजातल्या पोरांना आजही "तुमचं मराठी किती छान आहे हो" असं कौतुकानं सांगणारे भेटतात तेव्हा वाटतं की गाडी फार पुढे गेलेली नाही.

दलित आत्मकथनांच्या वेळी हे सगळं होऊन गेलंय. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आलं, आणि ही आत्मकथनं यायला लागली तेव्हा स्वतःच्या समाजातूनच प्रश्न आले की आपलं जुनं दैन्य उघड्यावर कशाला मांडता, आणि बाहेरचे काही जण हळहळून वाचत होते ते वेगळंच. तरी लिहिणारे थांबले नाहीत. एकामागून एक पुस्तकं येत गेली, बायकांनी लिहिलं, वेगवेगळ्या जातींतल्या, भटक्या जमातींतल्या लोकांनी लिहिलं, आणि इतकी येत गेली की कुठल्याही एका पुस्तकाला सगळ्यांचं मिळून एकच पुस्तक मानणं अशक्य झालं. मुस्लीम आत्मपर लिखाणात हे व्हायचं बाकी आहे. ते होण्याच्या आड फक्त कट्टर लोक येत नाहीत, संपादकही येतात. दिवाळी अंकासाठी मुसलमान लेखकाला फोन जातो तो "मुस्लीम प्रश्नावर काहीतरी द्या" असाच, पावसाबद्दल, आजारी आईबद्दल, नोकरी गेल्याबद्दल कुणी मागत नाही. त्या हॉस्टेलच्या लेखालासुद्धा छापण्याआधी एक परिच्छेद जोडायला सांगितलं होतं, समाजानं आता काय करायला हवं, असा. तिनं नाही जोडला. मला तिचा फार अभिमान वाटला.

राहिला शेवटचा आक्षेप. मग काय, हे सगळं नुसतं कौतुकानं वाचायचं, प्रश्न विचारायचेच नाहीत? माझं म्हणणं नेमकं उलटं आहे, प्रश्न विचारा, पण लिहिलेल्या मजकुराला विचारा. भावांसमोर खात नव्हतीस हे लिहिलंस, मग तुझी अम्मी त्या दाराआड तुझ्याबरोबर उभी असायची का, तिला तू कधी विचारलंस का की तिलाही हे जाचतं का, आणि सुट्टीत घरी गेल्यावर तू परत दार लोटून खाल्लंस की नाही, हे लेखात का नाही? या प्रश्नांनी ती अडचणीत येईल, येऊ दे, कुठलाही चांगला लेखक अशा प्रश्नांनी अडचणीत येतो आणि पुढचा लेख जास्त खरा लिहितो. मी तिला यातला सुट्टीचा प्रश्न विचारला. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, त्यावर वेगळं लिहावं लागेल, कारण सुट्टीत जे झालं त्यात अब्बापण आहेत.